एक नंबरचा हिरवा ठिपका

राम्या, परवा सकाळी सात वाजून चार मिनिटांनी तू ठीक असल्याचं कळवलंस. तुला जाऊन पंधरा दिवस झाले होते.

मी शहागडला आमच्या गच्चीवरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसले होते. समोर खुशालीची यादी होती, त्रेपन्न नावं आणि प्रत्येक नावापुढे एक ठिपका. कळवलं की हिरवा, नाही कळवलं की लाल. दोन आठवडे सगळ्यात वरचा, एक नंबरचा, तुझा ठिपका लाल होता. तो माझ्या डोळ्यांदेखत हिरवा झाला. कप हातात तिरका झाला आणि चहा मांडीवर सांडला, ते पोळल्यावर कळलं. भुताखेतांचं आमच्या घरात काही चालत नाही, वडिलांनी शाळेत आणि घरात एकच शिकवलं. तरी मी मोठ्यानं "राम्या?" म्हणाले. खरं सांगते, आधी मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

तुझीच वस्तू तुला काय समजावायची! पण गेल्या पंधरवड्यात मी ती इतक्या जणांना समजावली आहे की तोंडपाठ झाली. तुझ्या दहाव्याला, तेराव्याला घनसावंगीतले लोक मलाच विचारत होते, "पोरगं दिवसभर त्या डब्यापुढं बसून करत काय व्हतं?" मी सांगायचे, दिवसा आम्ही दोघं पुण्याच्या एका कंपनीसाठी वेबसाइट बनवतो, ते पोटापाण्याचं. आणि पहाटे तो स्वतःचं करायचा. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईला आहेत अशा म्हाताऱ्या माणसांचे फोन सकाळी सातला वाजतात. त्याचाच आवाज येतो, "राम राम. ठीक हाव ना?" एकच हिरवं बटण. ते नऊपर्यंत दाबलं नाही, तर ठरवून दिलेल्या शेजाऱ्याच्या फोनवर मजकूर जातो, "अमुक नंबरनं आज कळवलं न्हाई. फोन करू नका, जाऊन बघा." एवढंच. लोक ऐकून मान डोलवायचे आणि म्हणायचे, मंग त्याचं कोण बघत व्हतं?

त्याचं मी बघत होते. शेजारी म्हणून तू माझं, सुजाताचं, नाव टाकलं होतंस. मी तेव्हा हसले होते, शहागड ते घनसावंगी जीपनं पाऊण तास, हा कुठला शेजार? तू म्हणालास, "शेजारी म्हंजी भिंतीपल्याडचा न्हाई. जो उठून येईल तो."

तुझ्या कामाची पद्धत बघून कुठल्याही शहाण्या माणसानं डोक्याला हात लावला असता. लॅपटॉप मायच्या शिलाई मशीनवर. मशीनचा पट्टा तू काढून ठेवलेला, आणि विचार करताना पाय पायडलवर. फोनवर बोलताना मागून ती खटक-खटक यायची आणि मला कळायचं, की आता राम्या अडकलाय. ती थांबली की समजायचं, सापडलं. कोड लिहिण्याआधी तू शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर पेन्सिलनं मराठीत सगळं लिहून काढायचास. प्रत्येक बदलासोबत काय बदललं याची एक ओळ लिहायची असते. जगभरचे लोक ती नीट इंग्रजीत लिहितात, तू लिहायचास, "काल फौजदारानं सांगितलेलं केलं", "परत मोडलं", "आता हात लावू नये". फौजदार म्हणजे मी. तुझं कोड तपासून मंजूर करायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी एक ओळ इकडची तिकडे सोडत नव्हते. तू जुनं कोड कधी पुसायचा नाहीस, नुसतं बंद करून ठेवायचास. मी म्हणायचे काढून टाक, तू म्हणायचास असू दे, कामाला येईल. या एका गोष्टीवर आपण सात वर्षं भांडलो.

आणि तुझे ते सतराशे साठ उद्योग! कोणती जीप किती भरली हे दाखवणारं पान तू केलंस. दोन दिवसांत ड्रायव्हरनं तुला गाठलं, "भाऊ, जीप भरली की निघती. तुमच्या वेबसाइटला इचारून निघती का?" कुठल्या फिडरला लाइट कधी येणार ते सांगणारं पान तू केलंस आणि ते चालवणारा तुझा स्वतःचा वायफाय लाइटबरोबरच जायचा. मी तुझी इतकी थट्टा केली की बास. पण खुशालीची थट्टा मी कधी केली नाही, हे तुला तोंडावर सांगायचं राहिलं. ते कामच इतकं साधं आणि नीट होतं. मला हेवा वाटायचा तुझा. हे तर मी कधीच सांगितलं नसतं.

खुशाली कुठून आली हे तू मला एकदाच सांगितलंस. तू लहान असताना तुमच्याकडे मेंढरं होती. अण्णा, तुझे वडील, रोज संध्याकाळी वाघुरीच्या, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीच्या, तोंडाशी उभे राहून एकेक आत सोडायचे आणि मोजायचे. एक कमी भरलं की भाकर तशीच टाकून निघायचे. आणि त्यांचा एक नियम होता, मेंढरू मेलेलं डोळ्यानं बघितल्याशिवाय मोजणीत कमी धरायचं नाही. आठ-आठ दिवस ते एक आकडा जास्तीचाच सांगायचे. लोक हसायचे. "हसू दे," तू म्हणालास. "एकदा नवव्या दिवशी सापडली व्हती एक. जित्ती."

तिथंच आपलं शेवटचं भांडण आहे, राम्या. राजूरच्या सतरा नंबरच्या आजी गेल्या आणि त्यांच्या सुनेला रोज सकाळी तुझा आवाज छळायला लागला. मी रीतसर एक तोडगा दिला, तीन दिवस उत्तर नाही आलं की नाव आपोआप 'मयत' धरायचं आणि काढून टाकायचं. तू एकदम चिडलास. तुला मी इतकं चिडलेलं बघितलं नव्हतं.

"मशीन कोन आलं ठरवणारं? तीन दिवस कुनी गेलंच न्हाई तं?"

"मग काय, मेलेल्या माणसाला रोज विचारत बसायचं?"

"बसायचं," तू म्हणालास. "जवरलोक कुनी जाऊन येत न्हाई तवरलोक बसायचं."

मी म्हणाले, तू प्रोग्रॅम लिहितोयस का मेंढरं राखतोयस? राम्या, हे वाक्य परत घेता आलं असतं तर मी माझं लिहिलेलं सगळं कोड पुसायला तयार आहे. पलीकडे पायडल वाजलं नाही. मग आपण नऊ दिवस नुसतं कामापुरतं बोललो. त्यात एक दिवस तू एक बदल तपासायला पाठवलास, वर लिहिलं होतंस, "खुशाली, राहिलेलं काम. फौजदारानं बघावं." मी बघितलं नाही. म्हटलं, बसू दे वाट बघत.

आणि मग तो दिवस. तुझी माय आदल्या दिवशीच चतुर्थीसाठी राजूरला गेली होती, बहिणीकडे मुक्कामाला. तू घरी एकटा. सकाळी नऊला माझा फोन वाजला, "एक नंबरनं आज कळवलं न्हाई. फोन करू नका, जाऊन बघा."

मी तो मजकूर वाचला आणि अंगठ्यानं बाजूला सारला.

का सारला, ते तुला माहीत आहे. तुझी सवयच तशी होती, कुठलीही नवी गोष्ट आधी स्वतःवर. "आधी माझ्यावर चालव, म्हाताऱ्यांवर नको." दुसरं कोणी असतं तर तपासायला वेगळी खोटी यादी केली असती. मी दहा वेळा सांगितली होती. तू मात्र खऱ्या यादीतच एक नंबरला स्वतःला बसवलंस आणि काही करून बघायचं असलं की मुद्दाम बटण दाबायचा नाहीस. असे शंभरेक मजकूर आले असतील मला. लांडगा आला रे आला. त्या दिवशी मी वर चार शब्द पुटपुटलेसुद्धा, की बघा, साहेबांचा अजून राग गेला नाही, आता लाल ठिपका करून बसलेत. मी पुण्याच्या कामाला लागले. साडेबाराला जेवले. मेथी होती.

एक वाजून गेल्यावर तुमच्या घराखालच्या किराणावाल्याचा फोन आला. दुधाची पिशवी पायरीवर तशीच होती म्हणून तो वर गेला होता. दारावर तू खडूनं माझा नंबर लिहून ठेवला होतास, तो त्याला दिसला. मी पोचले तेव्हा अडीच वाजले होते. तू मशीनजवळ खाली होतास, भिंतीला टेकून. एक चप्पल पायात, एक नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, पहाटेच केव्हातरी. 'अंदाजे' म्हणाले. मी त्यांना परत विचारलं नाही. परत विचारलं असतं आणि त्यांनी दहा, साडेदहा असं काही सांगितलं असतं तर?

नऊच्या मजकुराचं मी कोणालाच बोलले नाही. तुझ्या मायला तर नाहीच. ती माझा हात धरून रडायची, तू त्याची बहीण व्हतीस बाई, म्हणायची, आणि मी हात धरू द्यायचे. रोज सकाळी नऊला तोच मजकूर यायचा. जाऊन बघा. यादीतून तुझी एक ओळ पुसली असती की झालं असतं, ते एका मिनिटाचं काम. सगळ्यांचं जुनं पुसत फिरणारी मी, मला ती एक ओळ पुसता येईना. स्वयंपाकघरातलं पंख्याचं बटण खटकलं तरी मला पायडल ऐकू यायचं.

म्हणून परवा तो ठिपका हिरवा झाला तेव्हा मी नऊची वाट बघितली नाही. तशीच उठले, स्टॅंडवर गेले, जीपमध्ये बसले.

तुझ्या मायनं दार उघडलं आणि म्हणाली, "ये. वाटलंच मला, तू येशील."

"काकू, राम्याचा फोन..."

"म्याच दाबलं. फोन बंद पडून व्हता कपाटात, काल भाच्यानं काढून चार्जिंगला लावल्ता. सकाळी वाजला. त्याच्याच आवाजात." तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला. "मी येडी न्हाई बाई. गेला ते माहीत हे मला. पन लेकरू इचारून राह्यलं, माय ठीक हाव का, अन् मी गप ऱ्हाऊ? माझं म्हनून दाबलं म्या. त्याचं न्हाई."

मशीनवर लॅपटॉप नव्हता. तिनं पट्टा परत चढवला होता, सुईखाली एक अर्धवट ब्लाउज होता. तो तिनं बाजूला केला आणि मला म्हणाली, "हे त्याला रोज इचारनं बंद कर. माझ्याच्यानं रोज व्हायचं न्हाई." मी माझा लॅपटॉप मशीनवर ठेवला. तुझं राहिलेलं काम अजून माझ्या मंजुरीसाठी थांबलेलं होतं, चोवीस दिवस. मी ते उघडलं.

तू माझं ऐकलं होतंस. आणि ऐकलं नव्हतंसही. 'मयत' हा शब्द कुठंच नव्हता. प्रत्येक नावापुढे एक नवं बटण होतं, "आता विचारू नका". ते दाबलं की एक छोटा फॉर्म उघडायचा. शेजाऱ्याला कळवलं किती वाजता, हे मशीन स्वतः भरणार. त्याखाली दोन रकाने, ते माणसानं भरायचे. जाऊन कोणी बघितलं? किती वाजता गेलात? ते भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. नाव पुसलं जात नव्हतं, ठिपका नुसता राखाडी होऊन यादीत राहत होता. आणि शेवटी, मागं जे उरलं त्याला उद्यापासून विचारायचं. त्या ओळीवर तू स्वतःसाठी लिहून ठेवलं होतंस, "जो बघून आला त्यालाबी विचारायचं. त्यानं बघितलंय. दोघांला एकमेकाचे शेजारी करायचं."

माझा पाय पायडलवर गेला होता. चाक फिरलं, सुई रिकामीच खालीवर झाली, मी दचकून पाय काढला. सत्तेचाळिसाव्या ओळीवर तू जुनं कोड नेहमीसारखं बंद करून ठेवलं होतंस. सात वर्षांत पहिल्यांदा मी काही न बोलता मंजूर केलं.

मग फॉर्म. तुझी माय शेजारी उभी होती, म्हणाली, "काय लिहिलंय, वाच बरं मोठ्यानं."

शेजाऱ्याला कळवलं किती वाजता. मशीननं भरून टाकलं होतं, नऊ.

मला नुसतं पुढचं वाचता आलं असतं, तिला काय कळणार होतं! पण तो रकाना तू केला होतास. मी वाचलं. नऊ वाजता कळवलं. बघणारी सुजाता. गेले अडीच वाजता.

"नवाला कळाल्तं तुला?"

"हो काकू."

"अन् तू अडीचला आल्ती."

"हो. मला वाटलं तो नेहमीसारखा..."

तिनं यादीकडे बघितलं. ती वाचत नव्हती, नुसती बघत होती. मग म्हणाली, "मंग इतका येळ लेकरू एकलंच पडून व्हतं." आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला, पण ती बाहेर आली नाही. मी बटण दाबलं. तुझा ठिपका राखाडी झाला, खाली यादीत दोन नवी नावं आली, तिचं आणि माझं. मी दार ओढून घेतलं आणि निघाले. ती माझ्या हातचं पाणीसुद्धा परत पिईल असं मला वाटलं नाही, आणि तिचं काही चुकतही नव्हतं.

काल सकाळी सातला माझा फोन वाजला. "राम राम. ठीक हाव ना?" हा आवाज कुणा चांगल्या निवेदकाकडून करून घे म्हणून मी तुझ्या मागं लागले होते, आठवतं? तू माझं ऐकलं नाहीस, उपकार झाले. सात वाजून एका मिनिटानं यादीत तुझ्या मायचा ठिपका हिरवा झाला. माझा अंगठा बटणावर होता. आणखी एक बटण ठेव, 'ठीक नाही' असं, हे मी तुला कितीदा सांगितलं! तू म्हणायचास, ज्याचं ठीक न्हाई तो काय बटण दाबत बसतो का, तो गप बसतो. राम्या, मी गप बसले. काही करून बघायचं म्हणून नव्हे. खोटं दाबवेना, एवढंच. नऊ वाजले. तुझ्या मायच्या फोनवर मजकूर गेला असणार, तिला तो वाचूनही दाखवतो तुझा आवाज. मी म्हटलं, वाजेल आणि राहील. तिनं का यावं?

दहा चाळीसला खालून आईनं हाक मारली. तुझी माय जिन्यात होती, कठड्याला धरून, दम लागलेला.

"जीप भरंना," ती म्हणाली. "दोन सीट राह्यले व्हते. म्हनलं त्याचंबी मीच देते, पन काढ गाडी."

"काकू, तुम्ही कशाला..."

"फोन वाजला. जाऊन बघा म्हनला. मंग बसून राहू का?" ती वर आली, माझ्या खुर्चीशेजारी पलंगावर बसली. माझ्याकडे नीट बघितलं, परवा बघितलं नव्हतं तसं. "ठीक हाव का गं?"

"नाही, काकू."

"बरं," ती म्हणाली आणि चपला काढून पाय वर घेतले. "मी हाव इथं. संध्याकाळलोक."